श्वसनविकार व अतिदक्षता वैद्यक फेलोशिप (अमेरिका)

अंतर्वैद्यकातील (इंटर्नल मेडिसिन) तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, संपवलेल्या डॉक्टरांसाठी अमेरिकेत असलेले पुढील तीन वर्षांचे विशेष प्रशिक्षण. ते पूर्ण करणारा डॉक्टर फुप्फुसांचे आजार आणि अतिदक्षता या दोन्ही विषयांच्या वेगवेगळ्या परीक्षा देऊ शकतो. श्वसनविकाराचे प्रमाणपत्र 1941 पासून, तर अतिदक्षतेचे 1987 पासून दिले जाते.

हे दोन विषय एकत्र आले ते व्हेंटिलेटरमुळे. अमेरिकेतले छातीचे डॉक्टर आधी मुख्यतः क्षयरोगाचे डॉक्टर होते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी 1905 मध्ये स्थापन झाली तीसुद्धा सॅनेटोरियमवाल्यांची, म्हणजे क्षयरोग्यांची रुग्णालये चालवणाऱ्यांची, संघटना म्हणून. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध आणि त्यामागून आलेल्या औषधांनी सॅनेटोरियमे ओस पडली. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. तिथे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायला लावली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून पाळीपाळीने, हाताने फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. युरोपात ही शाखा बरीचशी भूलतज्ज्ञांकडे राहिली. अमेरिकेत मात्र रक्तातील वायूंचे गणित आणि व्हेंटिलेटर जाणणारे छातीचे डॉक्टर तिच्याकडे वळले. 1967 मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘एआरडीएस’चे, म्हणजे फुप्फुसे अचानक निकामी होण्याच्या विकाराचे, 12 रुग्णांवरून वर्णन केले आणि ही जोडी पक्की झाली.

प्रशिक्षण जुलैत सुरू होते. पहिल्या वर्षी फेलो, म्हणजे हे प्रशिक्षण घेणारा डॉक्टर, बहुतेक काळ अतिदक्षता विभागात आणि इतर वॉर्डांतून आलेले सल्ल्याचे रुग्ण पाहण्यात असतो. श्वासनलिकेत नळी घालणे, मोठ्या शिरेत लाइन टाकणे, छातीतले पाणी काढणे, सोनोग्राफी आणि ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे) ही कामे तो अटेंडिंगच्या, म्हणजे जबाबदार वरिष्ठ डॉक्टरच्या, देखरेखीखाली शिकतो. कामाची मर्यादा आठवड्याला 80 तास, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. पुढच्या काळात संशोधनाला वेळ मिळतो. किती, ते संस्थेवर ठरते.

शिकण्याचा खरा कस बारीक गोष्टींत लागतो. व्हेंटिलेटरने दर श्वासाला किती हवा द्यायची, हे एआरडीएसमध्ये रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावरून ठरवत नाहीत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत. म्हणून खाटेवरच टेपने उंची मोजून अपेक्षित वजन काढतात. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे ते सुमारे 61.5 किलो भरते. किलोला 6 मिलिलिटरप्रमाणे एका श्वासाची हवा साधारण 370 मिलिलिटर होते. त्याचे खरे वजन 95 किलो असेल आणि तेच धरले, तर 570 मिलिलिटर हवा जाईल आणि आधीच सुजलेल्या फुप्फुसांना आणखी इजा होईल. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 12 ऐवजी 6 मिलिलिटरच्या हिशेबाने मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही, फक्त हवा कमी. या शाखेतला इतका मोलाचा धडा दुसरा क्वचितच असेल.

ओपीडीचा भाग मात्र उगाच दुय्यम मानला जातो. फुप्फुसे कडक होत जाणाऱ्या आजाराचा किंवा सीओपीडीचा (श्वासमार्ग अरुंद होण्याच्या जुनाट विकाराचा) रुग्ण वर्षानुवर्षे त्याच डॉक्टरकडे येतो आणि तोच पुढे अतिदक्षता विभागात दाखल होतो. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे नातेवाइकांशी बोलताना ही जुनी ओळख फार उपयोगी पडते. असे बोलणेही शिकवावे लागते आणि चांगल्या संस्थांत ते शिकवले जाते.

भारतात वाट वेगळी आहे. इथे श्वसनरोग हा एमबीबीएसनंतरचा स्वतंत्र एमडी विषय असून त्यापुढे तीन वर्षांचे डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, असते. अतिदक्षतेत भूलतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातून यूएसएमएलई ही अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा देऊन अमेरिकेत गेलेले डॉक्टरही या फेलोशिपला जातात. त्यांतल्या जे-1 या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर असलेल्यांना प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. त्यातून सूट हवी असल्यास नेहमीचा मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करणे.