तक्रार करणारी गाडी: जुन्या धाटणीच्या जीपवर लोकांचा एवढा जीव का?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आचऱ्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आमची थोडी कलमं आहेत, तिथून हापूसच्या पेट्या खाली आणायच्या होत्या आणि काकांची जुनी डिझेल जीप आधीच एक खेप घेऊन गेलेली, म्हणून मी शहाणपणा करून माझी गाडी वर नेली. फोर बाय फोर आहे, स्क्रीनवर डोंगराचं चित्र येतं, बटण फिरवलं की चिखल, वाळू, दगड असे मोड लागतात. वर गेली मस्त. पेट्या भरल्या, निघालो, आणि दोनशे मीटरवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. इंजिन चालू, आवाज नेहमीचाच, पण ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी आपली बैलगाडीच्या चालीने रांगतेय. कोपऱ्यावरचा छोटा चढ पण चढेना. शेवटी काकांची जीप परत आली, दोरखंड बांधला, आणि मी स्टिअरिंग धरून गुपचूप बसलो.

चार दिवसांनी कॉम्प्युटर लावल्यावर कळलं, एका सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवा कळंक चढला होता. पितळेच्या समईवर चढतो तोच. बस एवढंच. सेन्सरचा निरोप चुकीचा यायला लागला म्हणून गाडीच्या मेंदूने इंजिन वाचवायला ताकद कापून टाकली, म्हणजे तिच्या हिशोबाने तिने बरोबरच केलं. आमच्या मेस्त्रींनी मात्र मला सोडलं नाही. "पाटो मोडलो तरी दोरी बांधून घराक येवक गावता. ह्या तुझ्या गाडयेत दिवो पेटलो की बसा थंयच." (पाटो म्हणजे पाटा, एकावर एक लोखंडी पानं रचून केलेली स्प्रिंग.)

जुन्या धाटणीच्या गाड्यांसाठी भांडणारी मंडळी जगभर आहेत, आणि त्यांच्याकडे बघून आपल्याला वाटतं की हे सगळं आठवणींचं प्रेम, आजोबांचं घड्याळ जपावं तसं. थोडं आहेच तसं. पण मेस्त्रींच्या त्या एका वाक्यात जे आहे ते निव्वळ प्रेम नाही, त्यात बरंच विज्ञान आहे. त्यांना हवी असते तक्रार करून मरणारी गाडी. आधी करकरेल, मग खडखडेल, मग तेल गाळेल, आणि एवढं होईपर्यंत तुम्ही घरी पोचलेले असाल.

आता आधी खालून सुरू करू, म्हणजे चाकापासून.

जुन्या जीपला पुढे आणि मागे एकेक अखंड लोखंडी जू असतं, ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत. मेस्त्री लोक हौजिंग म्हणतात. हे जू चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, पाट्यांनी टांगलेलं. ह्याचा फायदा सपाट रस्त्यावर दिसत नाही, उलट त्रासच होतो, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की ते सगळं जड प्रकरण हलतं आणि मुंबई-गोवा हायवेवर पोटातलं पाणी तर हलतंच, मणकेपण हलतात. पण कातळावर गंमत बघा. डावं चाक चिऱ्यावर चढलं की जू तराजूच्या दांडीसारखं तिरकं होतं, आणि उजवं चाक आपोआप खाली दाबलं जातं, म्हणजे जमीन सोडत नाही. शिवाय चाक उचललं की त्याबरोबर मधला डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्राचा) गोळापण वर जातो. नव्या गाड्यांत प्रत्येक चाकाची स्प्रिंग वेगळी, एक चाक वर गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही, त्यामुळे रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते, पण दोन्ही चाकं एकदम दबली की गाडीचं पोट जमिनीकडे येतं. जांभ्याच्या पायरीवर पोट घासल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

पाट्यांबद्दल अजून एक. पाटा एकाच वेळी स्प्रिंग असतो आणि जू जागेवर धरून ठेवणारा हातपण असतो, आणि पाने एकमेकांवर घासतात त्यामुळे धक्काही थोडा तिथेच जिरतो. तीन कामं, एक वस्तू. एक पान मोडलं तर बाकीची ओढून नेतात, गाडी एका बाजूला झुकते, म्हणजे परत तक्रार.

आता डिफरन्शियल. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर जातं म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू द्यायला हे यंत्र लागतंच. पण साध्या डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे, तो दोन्ही चाकांना सारखीच पिळ, म्हणजे फिरवायचा जोर, देतो, आणि ती किती द्यायची हे जे चाक जास्त घसरतंय ते ठरवतं. घरात दोन भाऊ, आणि आळशी भावाएवढंच काम दुसऱ्यालाही करू द्यायचं, असा प्रकार.

हिशोब करून बघू, आकडे मी सोयीचे धरतोय. गाडी १६०० किलो, प्रत्येक चाकावर ४०० किलो (चढावर वजन मागे सरकतं ते सोडून देऊ). कोरड्या जांभ्यावर चाकाची पकड वजनाच्या ०.७ पट, म्हणजे २८० किलोचा जोर. पावसातल्या शेवाळलेल्या कातळावर धरा ०.१ पट, म्हणजे फक्त ४० किलो. आता चारात एक (चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) असा चढ, गाडीला वर ओढायला साधारण ३९० किलोचा जोर लागणार. पुढचं एक आणि मागचं एक चाक शेवाळावर आहे. साधी फोर बाय फोर असेल तर पुढच्या जुवावर ४० अधिक ४०, मागे ४० अधिक ४०, एकूण १६०. गाडी जागेवर भुंईचक्रासारखी चाकं फिरवत बसणार. आता मागचा डिफरन्शियल लॉक करा, दोन्ही चाकं एकमेकांना बांधली गेली, मग मागे ४० अधिक २८० म्हणजे ३२०, पुढचे ८०, एकूण ४००. चढली. जेमतेम, पण चढली!

नव्या गाड्या हेच काम ब्रेकने करतात. जे चाक फुकट फिरतंय त्याला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, म्हणजे डिफरन्शियलला वाटतं अरे ह्या चाकाला जोर लागतोय, आणि मग दुसऱ्या चाकालाही तेवढा जोर जातो. डोकं भारी लावलंय ह्यात, खरंच. जिम्नीत आहे, थारमध्ये आहे आणि रोजच्या चिखलाला पुरून उरतं. पण दोन गोष्टी. एक, चाक आधी घसरल्याशिवाय कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणजे उपाय नेहमी एक पाऊल मागे, आणि घसरलेलं चाक तेवढ्यात शेवाळ अजून गुळगुळीत करून ठेवतं. दोन, ब्रेक म्हणजे शेवटी ताकदीची उष्णता करणं, लांब चढावर हेच करत राहिलात तर ब्रेक तापतात आणि सिस्टम थोडा वेळ सुट्टी घेते. लॉक म्हणजे दाते एकमेकांत अडकले, विषय संपला. म्हणूनच फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लागणारे लॉक आहेत हे ऐकून काही लोकांचे डोळे अजून चमकतात.

फोर बाय फोरमध्ये वेगळ्या दांड्याने किंवा बटणाने लागणारा लो गियर असतो, त्याबद्दल लोकांचा समज असतो की तो ताकदीसाठी. ताकद मिळतेच, पण माझ्या मते खरी किंमत हळू चालण्यात आहे. इंजिन मिनिटाला १००० फेरे मारतंय, पहिला गियर आणि डिफरन्शियल मिळून १६ पट कमी होतात, चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, तर गाडी ताशी आठ किलोमीटरच्या वर जाते. लो मध्ये अजून अडीच पट कमी, मग ताशी साडेतीनच्याही आत, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. उतारावर पेट्या भरलेल्या असताना काका ब्रेकला पाय लावत नाहीत, लो मध्ये पहिला टाकतात आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक लावला की ओल्या कातळावर चाक थांबतं आणि गाडी मात्र जात राहते, हे त्यांना भौतिकशास्त्र न शिकता माहीत आहे.

हे सगळं खरं असूनही गाड्या बदलल्या. जुनी लँड रोव्हर डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, आणि २०१९ मध्ये नवी दाखवली तेव्हा वेगळी चासीच नाही, अखंड ॲल्युमिनियमचं शरीर, चारही चाकं स्वतंत्र. जुन्या भक्तांनी डोक्याला हात लावला. त्यातला एक ब्रिटिश उद्योगपती, जिम रॅटक्लिफ, इतका हट्टाला पेटला की त्याने स्वतःच शिडीसारखी चासी आणि अखंड जू असलेली ग्रेनेडियर नावाची गाडी काढली, २०२२ पासून फ्रान्समध्ये बनते. मजा अशी की तिच्यात इंजिन बीएमडब्ल्यूचं, म्हणजे मेंदू, सेन्सर, वायरिंग सगळं आलंच. टाळता येतच नाही, कारण धुराचे नियम. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, आणि डिझेलचा प्रत्येक थेंब कधी, किती, केवढ्या दाबाने जायचा हे इतकं काटेकोर करावं लागतं की ते जुन्या यांत्रिक पंपाच्या आवाक्यातलं नाही. काकांच्या जीपचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज जवळजवळ नाहीच, हे कौतुकाचं आहे, पण मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला विचारा काय धूर सोडते ते.

आणि जुनी गाडी पाण्यातून जास्त बिनधास्त जाते, हा भक्तांचा दावा तर भौतिकशास्त्र सरळ उलटा पाडतं. जुनी डिफेंडर कंपनीच्या हिशोबाने अर्धा मीटर पाण्यातून जायची, नवी ९०० मिलिमीटरमधून जाते. हवा वरून ओढते, दारं घट्ट, वायरिंग वर नेलेलं. इंजिनने पाणी प्यायलं की खेळ खलास, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. हा मृत्यू मात्र बिनतक्रारीचा असतो, जुन्यातही आणि नव्यातही.

पण थांबा, घट्ट दारांची पण एक भानगड आहे. गाडीचा तळ धरा चार मीटर बाय एक पॉइंट सात, म्हणजे ६.८ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर चढलं की ६८० किलो वजन उचललं जातं. १६०० किलोची गाडी तळाच्या वर चोवीस सेंटिमीटर पाणी आलं की तरंगायला लागणार, आणि तरंगायच्या बऱ्याच आधी चाकांवरचं वजन कमी होऊन पकड जाणार. उघड्या जीपमध्ये पाणी आत शिरतं, तुमचे पाय भिजतात, पण तेच पाणी तिला खाली धरून ठेवतं. म्हणून व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जुनं जीपडं जातं आणि मागची चकाचक गाडी वाहते असं कोणी सांगितलं तर लगेच हसू नका. तरीपण आषाढात व्हाळाला लाल पाणी आलेलं असताना दोन्हीपैकी काहीच घालू नका, वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर धक्का चौपट.

(पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, गाड्या घालणाऱ्यांना वेगळं सांगायला पाहिजे. भरतीच्या रेषेवरची ओलसर वाळू घट्ट लागते कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, दहा पावलं पुढे ती पाण्याने भरलेली असते आणि चाकाच्या थरथरीने पिठल्यासारखी होते. त्यात वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आणि सड्यावर म्हणाल तर बारसूपासून कशेळीपर्यंत कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षं टिकलेली रेघ एका टायरने पुसू नका. नका घालू गाडी, इतकंच.)

सुरक्षेचं तर बोलायलाच नको. २०२० ची थार शिडीच्या चासीवरच आहे आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार स्टार मिळाले, म्हणजे चासी जुन्या पद्धतीची असली म्हणून गाडी डबा असेलच असं नाही. काकांच्या जीपमध्ये बेल्टसुद्धा नाही. भक्तांनी हे मान्य करायला हवं, आणि बरेच जण करतात पण.

मग राहतं काय? राहतो खारा वारा, आणि इथे कोकणातला माणूस बाकी जगापेक्षा जरा जास्त अधिकाराने बोलू शकतो. मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणूनच पावसाळ्यात भरणीतलं मीठ पाझरतं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता त्याच्या वरच, म्हणजे गाडीवर बसलेला मिठाचा थर पाऊस नसला तरी रात्रंदिवस ओलाच. खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि गंज ही शेवटी छोट्या छोट्या बॅटऱ्यांचीच करामत. सेन्सर ते मेंदू हा निरोप बहुतेक वेळा शून्य ते पाच व्होल्टच्या दरम्यान असतो, त्यात कळंकाने थोडासा अडथळा आणला की निरोप बदलतो. पिळ देणाऱ्या जाड लोखंडी दांड्याला तेवढ्याने काही होत नाही. वर्षानुवर्षं गंजला तरी तो पिळ देतच राहतो. माझ्या गाडीत कळंक चढला तो नखाएवढ्या भागावर, आणि बसली अख्खी गाडी.

पण मिठाचं कोणाशी नातं नाही. चासीचे दांडे आतून पोकळ असतात, लाल चिखल त्यांत शिरतो, वाळत नाही, आणि लोखंड आतून बाहेर खाल्लं जातं. वरून रंग शाबूत. जुवं बोलतात, पाटे बोलतात, गियरबॉक्स तर ओरडतो, चासी मात्र शेवटपर्यंत गप्प.

काकांना हे माहीत आहे. दरवर्षी मिरगाच्या आधी ते जीपखाली गोणपाट टाकून उताणे झोपतात आणि छोट्या हातोडीने चासी वाजवत जातात, मडकं विकत घेताना वाजवून बघतात तशी. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. यंदा मी टॉर्च धरून बाजूला बसलो होतो. पुढून मागे ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी (पाटा चासीला जिथे टांगतात तिथे) आल्यावर आवाज आला, थप. काकांनी परत वाजवलं. थप. मग ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, आणि मग म्हणाले, "मेस्त्रीक फोन लाव."