‘कराड’ शोधलं तर ‘कऱ्हाड’ही सापडावं

साताऱ्यातल्या एका छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी आम्ही संगणकावर चढवत होतो. शोधाच्या चौकटीत ‘कराड’ टाइप केलं तर तीन पुस्तकं आली, ‘कऱ्हाड’ टाइप केलं तर वेगळीच पाच. गाव एकच, कृष्णा-कोयनेचा संगमही तोच!

संगणकाला गाव कळत नाही, तो चिन्हं जुळवतो. क, र, काना, ड मिळून ‘कराड’ची चार चिन्हं, ‘कऱ्हाड’ची सहा. शिवाय ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एक तर खास ‘ऱ’ वापरून, नाहीतर साध्या ‘र्’पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही.

टायपिंगच्या चुका पोटात घालायची सोय शोधयंत्रात असते. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील, ते मोजायचं. हे माप लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली मांडलं. ‘ल्युसीन’ हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो असं, शोधयंत्र जास्तीत जास्त दोन बदल चालवून घेतं. ‘कराड’पासून ‘कऱ्हाड’ तीन बदलांवर आहे. थोडक्यात हुकलं.

इथे मुक्तस्रोताचा खरा उपयोग कळला. ल्युसीनवर उभ्या असलेल्या ‘सोल्र’मध्ये समानार्थी शब्दांची साधी मजकूर फाइल असते. तिच्यात ‘कराड, कऱ्हाड’ एवढी ओळ लिहिली आणि दोन्ही शोधांना आठही पुस्तकं येऊ लागली. कुणाची परवानगी नको, परवाना शुल्क नको. ‘सातारा’ आणि ‘साताऱ्याचा’ यांचंही असंच जमवावं लागलं, कारण आपल्या विभक्ती शब्दाचं रूपच बदलून टाकतात. मराठीचे हे बारकावे मराठी माणसानंच भरायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

वाचकाला दिसणारा पडदाही आयता मिळतो. व्हिलानोव्हा विद्यापीठाचं ‘व्ह्यूफाइंड’ आणि व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झालेलं ‘ब्लॅकलाइट’ ही दोन्ही सोल्रवर चालतात, ग्रंथालयांसाठीच घडली आहेत. निकालांच्या बाजूला लेखक, विषय, भाषा, साल अशा गाळण्या आणि प्रत्येकीपुढे पुस्तकांचा आकडा. एकाच पुस्तकाकडे असं अनेक अंगांनी पाहण्याची शिस्त भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयवार लावण्याच्या त्यांच्या पद्धतीत, घालून दिली होती. आज कुठल्याही दुकानाच्या ॲपवर किंमत, रंग, माप निवडताना आपण तीच पद्धत वापरतो.

ग्रंथपाल बाईंनी ती फाइल एकदा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वहीचं पान भरून आणलं. पहिलीच जोडी होती ‘माल्कमपेठ, महाबळेश्वर’.