फ्रेंचच्या वर्गात मराठी कशाला?
नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांची फी भरणाऱ्या पालकांसाठी

"मुलगा पहिलीपासून इंग्लिश मीडियमला आहे, मग तुम्ही फ्रेंच मराठीतून का समजावता?" चौकशीला येणारे बहुतेक जण हेच विचारतात. फोनवर दर वेळी वीस मिनिटं जातात, म्हणून हे पत्रक.

आमचा वर्गातला सगळ्यात जास्त वेळ नवं व्याकरण शिकवण्यात जात नाही. विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग एकेका शब्दाला फ्रेंच टोपी घालतो, त्या टोप्या काढण्यात जातो. डोक्यात 'आय अ‍ॅम ईटिंग' असलं की वहीत 'झ स्वी माँझ' उतरतं. 'झ माँझ' एवढंच पुरतं, आणि त्यात 'मी खातो' आणि 'मी खातोय' दोन्ही आलं. वय सांगतानाही 'आय अ‍ॅम ट्वेन्टी'चं 'झ स्वी' होतं. फ्रेंच माणसाकडे वय 'असतं', म्हणून तिथे 'झे व्हँताँ'.

आता हे वाक्य बघा: मी सहा महिन्यांपासून फ्रेंच शिकतोय. मराठीत वर्तमानकाळ. फ्रेंचमध्येही वर्तमानकाळच: 'झाप्राँ ल फ्राँसे दप्वी सी म्वा'. मधे इंग्रजीचं 'हॅव बीन लर्निंग' आणलं की विद्यार्थी हमखास भूतकाळ लिहितो. घरून थेट रस्ता होता, गावाला वळसा घालून चुकीच्या स्टॉपवर उतरला.

भूतकाळात तर मराठीचा खरा उपयोग होतो. क्रियापदाला कुठे 'आव्वार' आणि कुठे 'एत्र' हे सहायक लावायचं, हे इंग्रजीतून शिकणारे 'डॉक्टर मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प' या नावातल्या सोळा अक्षरांवरून पाठ करतात (एकेका अक्षराने सुरू होणारं एकेक 'एत्र'वालं क्रियापद). पाठ होतंही, पण वापरताना बाई आठवतात, क्रियापद आठवत नाही. आम्ही विचारतो, मराठीत काय म्हणाल? 'मी वर चढलो' असेल तर 'झ स्वी माँते'. 'मी बॅगा वर चढवल्या' असेल तर 'झे माँते ले व्हालीज़'. फ्रेंचमध्ये क्रियापद एकच, सहायक मात्र बदलला. आपल्याकडे चढलो-चढवल्या, निघालो-काढला, उतरलो-उतरवलं हा फरक तोंडात आधीच बसलेला आहे. खरं सांगायचं तर ही चावी प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'मी झोपलो', 'मी धावलो' यांना फ्रेंच 'आव्वार'च लावते, आणि 'मी अंघोळ केली' म्हणायला स्वतःवर येणारं क्रियापद लागतं, त्याला 'एत्र'. अपवादांची यादी आम्ही देतो, ती एका पानात मावते.

'तो निघाला', 'ती निघाली' यांत मराठी मूल चुकत नाही. फ्रेंचमध्ये उच्चार दोन्हीकडे 'पार्ती'च, पण तिच्यासाठी लिहिताना शेवटी एक 'ई' (e हे अक्षर) वाढते. इंग्रजीतलं 'लेफ्ट' दोघांना सारखंच, म्हणून इंग्रजीतून आलेल्या वहीत ही 'ई' गळते. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत शंभरपैकी पन्नासला पास होता येतं, पण चारही भागांत पंचवीसपैकी निदान पाच लागतात. लेखनाच्या भागात असे अर्धे-अर्धे मार्क गळाले की जड जातं.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. खुर्ची तिथेही स्त्रीलिंगी आहे, पण आपला चंद्र तिथे बाई होतो, आणि नपुंसकलिंग नाहीच म्हटल्यावर आपलं घर आणि दार, दोन्ही स्त्रीलिंगात जातात. यावर उपाय एकच: नाम कधी एकटं लिहायचं नाही, आधी 'अँ' (पुल्लिंगी) किंवा 'यून' (स्त्रीलिंगी) लिहायचं. 'अँ लीव्र' म्हणजे पुस्तक, 'यून लीव्र' म्हणजे बाजारातलं अर्धा किलो. सायकलींची शर्यत 'ल तूर', आयफेलचा मनोरा 'ला तूर'. "नंतर भरू" म्हणून सोडलेली ती जागा कोणी भरलेली आम्ही अजून पाहिली नाही.

(नव्वदला 'चार विसा नि दहा' म्हणतात याची तक्रार करू नये. आपल्याकडेही जुनी माणसं विसांनी मोजत, आणि एकोणऐंशी शिकलेल्या माणसाला फ्रेंच आकडे अवघड नाहीत.)

मोबाइलवरच्या अ‍ॅपवर तीन-चार महिने काढून आमच्याकडे येणाऱ्यांचा शब्दसाठा चांगला असतो, पण सगळे शब्द इंग्रजीला बांधलेले असतात. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी सहा तासिकांचा वेगळा दुरुस्तीवर्ग आहे. तो केल्याशिवाय ए-टूच्या (दुसऱ्या पातळीच्या) बॅचला घेत नाही. फी वाढवायला करतो, असं काहींना वाटतं. त्यांनी पहिल्या तासिकेला फुकट बसावं, दहा वाक्यं लिहावीत, आणि मग ठरवावं.

मराठी येत नसलेल्यांनी संकोच करू नये. हिंदीवरही काम होतं, फक्त उदाहरणं बदलावी लागतात.

पहिल्या दिवशी दोनशेपानी वही आणि निळं-लाल अशी दोन पेनं आणा. पुल्लिंग निळ्याने, स्त्रीलिंग लाल. शब्दाचा अर्थ मराठीत लिहा किंवा चित्र काढा. इंग्रजी अर्थ लिहिलेलं पान आम्ही तपासत नाही.