बसफुगडी घालून उठता येतं का?

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौर होती. झिम्मा झाला, पिंगा झाला, साध्या फुगड्या झाल्या. मग बसफुगडीची वेळ आली आणि तिशीतल्या-पस्तिशीतल्या बायका एकेक करून भिंतीशी जाऊन बसल्या. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला धाप लागली. शेवटपर्यंत टिकल्या त्या साठीच्या एक काकू. अंगाने चांगल्या भरलेल्या. कॉलेजात खो-खो खेळायच्या आणि अजूनही रोज सकाळी उठाबशा काढतात. त्यांच्यासमोर सगळ्यात आधी दमली ती एक काटकुळी मुलगी, जिच्या फिगरचं अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

फराळाच्या वेळी एकीने काकूंना प्रेमानेच सांगितलं, "काकू, आता थोडं वजन कमी करा हं." काकू हसल्या, पण पुढची करंजी त्यांनी उचलली नाही. मला ते फार लागलं. नुकतीच जी ताकद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिसली होती, तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. बोलणं झालं ते फक्त आकारावर.

हा आकाराचा हिशोब आपण ज्या आकड्यावर करतो, त्या बीएमआयचं मूळ एका बेल्जियन माणसाकडे जातं. अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारा माणूस १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधत होता. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, एवढंच ते गणित. त्याला आजचं नाव १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हे गणित उपयोगी आहे. पण वजनात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, हे ते सांगू शकत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयात मधुमेहावर संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडसडीत. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघं जुळे भाऊ, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक! बारीक दिसणारं, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेलं हे शरीर आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून भारतीयांसाठी धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ पासून धरतात, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात.

ही घडण जन्माआधीच सुरू होते, हेही पुण्याच्याच अभ्यासातून दिसलं. १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. बहुतेक शेतकरी घरातल्या, गरोदरपणाआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, पण सगळ्यात मोठी तूट पोटातल्या अवयवांमध्ये आणि स्नायूंमध्ये होती. पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी स्नायूंचं भांडवल कमी घेऊनच जन्माला येतात. ते वाढवायची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे, आणि आपणच ते वाढवायचं टाळतो.

स्नायू म्हटलं की डोळ्यासमोर दंड फुगवलेला पैलवान येतो. खरं तर स्नायू हे शरीराचं साखरेचं सगळ्यात मोठं कोठार आहे. जेवल्यावर इन्सुलिनच्या हाकेला ओ देऊन रक्तातली साखर उचलण्याचं काम मुख्यतः स्नायू करतात. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते. गंमत अशी, की स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्सुलिनची वाट न बघताही त्याच्या पेशी साखर आत घेतात. ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या आतून उठून तिच्या काठाशी येतात आणि साखरेला दार उघडतात. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली घातली की साखर कमी चढते, ती या दारामुळे.

दुसरी गोष्ट हाडांची. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. ते आयुष्यभर मोडलं आणि बांधलं जातं. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ सालीच मांडलं होतं, की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. टेनिसपटूंचा खेळता हात दुसऱ्या हातापेक्षा हाडाने जाड असतो. उलट, अंतराळात महिनोन्‌महिने भाराविना राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतं. तिशीपर्यंत हाडांची ठेव जमा होते. पुढे पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं मोडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. भारतीय बायकांची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधी. आपली झीज लवकर सुरू होते ती अशी.

चालणं हृदयासाठी आणि मनासाठी उत्तम आहे. रोज चालणाऱ्या प्रत्येकीचं मला कौतुक आहे. पण हाडाला रोजचा तोच तो सौम्य भार फारसा जागं करत नाही. त्याला जड काहीतरी उचललेलं, उडी मारून टेकलेलं कळतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने हे तपासायचं ठरवलं. सरासरी ६५ वर्षांच्या, पाळी गेलेल्या, हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या. अशा बायकांना डॉक्टर एरवी सांगतात, "जड उचलू नका." इथे निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगलं जड वजन उचललं आणि उड्याही मारल्या. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. ८ महिन्यांनी वजन उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडाची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. या काळात वजन उचलणाऱ्यांपैकी कुणाचं हाड मोडलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला बसफुगडीच आठवली. खोल बसायचं, त्याच बैठकीत उड्या घ्यायच्या, तोल सांभाळायचा. मांड्या, खुबा, घोटा, कणा, सगळ्यांना भार. हा खेळ कुणी हाडांसाठी रचला असं मी म्हणणार नाही. पण सासरी आलेल्या मुलींना वर्षातून निदान एकदा मोकळेपणाने अंग वापरायला मिळायचं, हे खरं. दुखरे गुडघे असलेल्यांनी मात्र एकदम त्यात उतरू नये. आधी खुर्चीवर बसून उठायचं, मग ठेंगण्या स्टुलावर, मग पाटावर, असं हळूहळू खाली जायचं.

"अगं, पण घरकाम आहे की दिवसभर, तोच व्यायाम!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यावर जरा थांबते. काम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात भार थोडा थोडा वाढवत न्यायचा असतो, मध्ये विश्रांती असते आणि नंतर पोटभर अन्न असतं. कष्टात यातलं काहीच नसतं. पुण्याच्या त्याच सहा गावांत असंही दिसलं होतं, की गरोदरपणात ज्या बायकांना शेतीचं आणि घरचं काम जास्त पडलं, त्यांची बाळं वजनाने कमी भरली. आजीच्या काळी जातं होतं म्हणून बायका सुदृढ होत्या, असं म्हणताना आजी सगळ्यांच्या शेवटी आणि उरलंसुरलं जेवायची हेही आठवावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन खाली असताना धाप लागते. तिला आळस म्हणणं हा अन्याय आहे. व्यायाम सुरू करण्याआधी ती एक तपासणी करून घ्याच.

आणि खा. स्नायू प्रथिनांतून बनतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. नुसत्या पोळी-भाजीवर हा आकडा गाठणं कठीण. मटकीची उसळ, पिठलं, दही, दाण्याची चटणी, मासे, ज्याला जे चालतं ते प्रत्येक जेवणात हवं. उपासाला साबुदाणा खाल्लात तर दाण्याचं कूट सढळ घाला.

जिमचं नाव काढलं की तरुण मुली म्हणतात, "पुरुषी दिसायला लागले तर?" बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या तुलनेत दहा ते वीस पटींनी कमी असतं. तसे फुगीर स्नायू कमवायला स्त्री शरीरसौष्ठवपटूंना वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. ते चुकून होत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू आधी असलेल्याच स्नायूंच्या जास्त तंतूंना कामाला लावायला शिकतो. म्हणून काट्यावर काही हललेलं नसतं, पण गॅसचं सिलिंडर सरकवताना फरक कळतो. वयाची सबबही टिकत नाही. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या लोकांनी ८ आठवडे पायांनी वजन उचललं आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

सुरुवात घरातूनही होते. पाच किलोच्या आट्याचं पाकीट छातीशी धरून उठाबशा, ओट्याला हात टेकून जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं. आठवड्यातून दोन दिवस. दहा सहज जमायला लागले की भार वाढवायचा, आणि मध्ये एक दिवस अंगाला विसावा द्यायचा.

ब्राझीलमधल्या डॉ. क्लाउडिओ आराउजो यांची एक साधी चाचणी आहे, तिला काटा लागत नाही. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याचे ५ आणि उठण्याचे ५ गुण. हात, गुडघा, जो जो टेकेल त्याचा एकेक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांवर त्यांनी ती केली. पुढच्या सहाएक वर्षांत, ८ किंवा जास्त गुण मिळालेल्यांपेक्षा ३ किंवा कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पाच-सहा पट दिसलं. जमिनीवर पंगतीला बसणाऱ्या आपल्या घरांत ही चाचणी पूर्वी रोज दोनदा व्हायची.

मंगळागौरीनंतर त्या काकूंना मी ही चाचणी करायला लावली. त्यांना १० मिळाले. मला ७. उठताना डावा हात आणि उजवा गुडघा टेकतो आणि उतरतानाही एक हात लागतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर उठाबशा काढते.