कानोसा आणि चाहूल : काल्पनिक रोल-प्लेइंग खेळांतील लपण्या-ऐकण्याची पार्श्वभूमी

रब्बी ज्वारीचे दाणे भरू लागले की मराठवाड्यात रात्री शेतावर जागलीला जावे लागते. माळ्यावर बसलेल्याला अंधारात रानडुक्कर दिसत नाही. वाळत चाललेल्या धाटांची पाने खसपसली की त्याची चाहूल लागते, आणि वारा आहे की जनावर हे ठरवण्यासाठी तो श्वास रोखून कानोसा घेतो. चाहूल येणाऱ्याची असते, कानोसा ऐकणाऱ्याचा. हा भेद ध्यानात ठेवला, तर रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, पहारेकऱ्याच्या पाठीमागून दबकत जाताना खेळ नेमके काय मोजतो, या संभाजीनगर-लातूर-नांदेडच्या तरुण खेळाडूंना पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ५० वर्षांच्या इतिहासात सापडते.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. त्यात आधी आला तो कानोसा. बंद दाराला कान लावणाऱ्या मानवी पात्राने सहा बाजूंचा फासा टाकावा आणि १ पडला तर आतला आवाज ऐकू यावा. एल्फ, ड्वॉर्फ आणि हॉबिट या कल्पित, मानवेतर जातींच्या पात्रांना १ किंवा २ चालत असे. भुताखेतांच्या जातीची पात्रे मात्र मुळीच आवाज करत नसत, त्यामुळे दाराआडची शांतता निर्धास्त करणारी नव्हती. इतक्या लहानशा नियमात एवढे भय साठवलेले असावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

चाहूल न लागू देण्याची विद्या १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून चोर या पात्रवर्गाबरोबर आली. १९७८ च्या सुधारित नियमपुस्तकात पहिल्या पायरीवरील चोराला निःशब्द चालण्याची १५ टक्के, सावलीत लपण्याची १० टक्के आणि आवाज टिपण्याची १० टक्के मूळ शक्यता दिलेली होती. उणीव अशी, की चोर निःशब्द चालला की नाही हे त्याचा एकट्याचा फासा ठरवी. समोरचा पहारेकरी डुलक्या घेतो आहे की कान टवकारून बसला आहे, याला त्या टक्केवारीत जागा नव्हती.

ही उणीव २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने दूर केली. लपणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा असे वीस बाजूंच्या फाशांचे दोन डाव समोरासमोर आले. ऐकण्याची अवघडता दर १० फुटांमागे १ ने, बंद दारामुळे ५ ने आणि दगडी भिंतीमुळे १५ ने वाढू लागली. जड चिलखत घालणाऱ्याच्या डावातून गुण वजा होऊ लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत लपणे आणि निःशब्द चालणे ही दोन कौशल्ये एक झाली, तसेच पाहणे आणि ऐकणेही.

संगणकाने मात्र याहून मोठी झेप त्याआधीच घेतली होती. १९९८ मध्ये लुकिंग ग्लास स्टुडिओजने काढलेला ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग खेळ नव्हे, तरीही चाहुलीचा खरा इतिहास त्याच्यापाशीच वळण घेतो. दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी ही काळोखी भुयारी वाट ज्यांनी पायाखाली घातली आहे, त्यांना त्याची युक्ती लगेच उमगेल : पुढच्या वळणापलीकडचे बोलणे खडक भेदून येत नाही, वाटेच्या वळणांनी येते. या खेळातही आवाज सरळ रेषेत भिंतीतून न जाता दालनांच्या आणि उघड्या वाटांच्या जाळ्यातून पसरत असे, वाट लांबली की क्षीण होई आणि दार लावले की अडे. गालिच्यावरचे पाऊल आणि लोखंडी जाळीवरचे पाऊल यांची चाहूल वेगळी असे. कठीण जमिनीवर शेवाळाचा बाण सोडून ती मऊ करता येई. पहारेकऱ्यालाही एकदम सारे कळत नसे. त्याचा संशय पायरीपायरीने चढे आणि तो ते मोठ्याने बोलून दाखवी, कारण आपली चाहूल लागली आहे हे खेळाडूला कळल्याशिवाय लपण्यात रस उरत नाही. दाराकडे झुकून पलीकडचे ऐकण्याची सोयही होती. १९७४ चा कानोसा फाशाविना, खेळाडूच्या स्वतःच्या कानांनी घेतलेला!

पुढच्या मोठ्या काल्पनिक खेळांनी हे सारे पात्राच्या कौशल्याशी पुन्हा बांधले. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये उजेड आणि आवाज दोन्ही मोजले जात, पण दबकण्याचे कौशल्य ५० ला पोहोचले की बुटांचे वजन आणि ७५ ला पोहोचले की धावणे हिशेबातून गळे. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये पावलांचा आवाज दडपणारी जादू आहे, आणि कुणाला आपला सुगावा लागत आहे हे पडद्याच्या मध्यभागी हळूहळू उघडणारा डोळा दाखवतो. नवख्याला हे चिन्ह सोयीचे असते, हे मान्य करूनही माझे मत असे आहे की त्यामुळे खेळाडू ऐकण्याऐवजी डोळ्याच्या त्या चित्राकडेच पाहत राहतो आणि शेजारच्या दालनातल्या पावलांचा कानोसा घेणे विसरतो.