सुधारगृह की मनोरुग्णालय? एका जुन्या फाटाफुटीची पार्श्वभूमी

गुन्हा करणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे आणि मनोविकारानेही ग्रासलेला आहे. त्याला सुधारायचं की बरं करायचं? भारतात हे दोन प्रश्न ब्रिटिश काळापासून वेगवेगळ्या कायद्यांकडे गेले आणि अजूनही ते नीट एकत्र आलेले नाहीत.

मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. पुढे १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल कायदे, १९२४ चा मुंबई बालक कायदा, १९२९ चा बोर्स्टल (म्हणजे तरुण गुन्हेगारांच्या सुधारगृहांचा) कायदा असं होत गेलं. या सगळ्यांचा भर शिस्त आणि हातकाम शिकवण्यावर. मनोरुग्णांसाठी मात्र १८५८ आणि १९१२ चे स्वतंत्र कायदे होते. बाल न्यायालय, रिमांड होम एका बाजूला. वेड्यांचं इस्पितळ दुसऱ्या बाजूला.

दोन्हीकडचा अन्याय चव्हाट्यावर आणला तो मुंबईच्या एकाच पत्रकार बाईंनी, शीला बारसे यांनी. तुरुंगात खितपत पडलेल्या मुलांसाठी त्यांची याचिका. सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा आदेश १९८६ चा. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा आला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं बेकायदा ठरलं ते १९९३ मध्ये, त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर. माझ्या मते या विषयात एवढं मोठं काम दुसऱ्या कुणा एकट्या व्यक्तीने केलेलं नाही.

सध्याच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोन्ही धागे थोडे जवळ आले आहेत. बाल न्याय मंडळ समुपदेशनाचा, उपचार केंद्रात जाण्याचा, व्यसनमुक्तीचा आदेश देऊ शकतं. कलम ९३ खाली मुलाला मनोरुग्णालयात हलवता येतं. पण याच कायद्याने आणखी एक दार उघडलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतरच्या संतापात कलम १५ आलं: घोर गुन्ह्यातल्या सोळा वर्षांपुढच्या मुलाची मानसिक क्षमता तपासायची आणि त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का, ते ठरवायचं. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं.

म्हणजे मानसतज्ज्ञ प्रक्रियेत आला खरा. पण त्याला विचारतात ते एवढंच, की गुन्हा करण्याची आणि त्याचे परिणाम समजण्याची कुवत या मुलात होती का. त्याला आजार कोणता आणि औषध काय, हे त्या तपासणीत येतच नाही.