मिनीनं नवऱ्याला का मारलं : कारण आणि निमित्त

बेळगावात माझ्याकडे बी.ए.ची मुलं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेलच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ या कथेवरच्या त्यांच्या उत्तरांत दरवर्षी तेच वाक्य वाचून मी विटलेय : ‘नवऱ्यानं मिनीचा पक्षी मारला, म्हणून तिनं नवऱ्याला मारलं.’

गोष्ट ठाऊकच आहे. जॉन राइटचा अंथरुणातच दोरानं गळा आवळलेला, मिनी अटकेत. पुरुष माडीवर पुरावा धुंडाळतायत आणि खाली दोन बायकांना, शेजारच्या मिसेस हेलला आणि शेरीफच्या बायकोला, मिसेस पीटर्सला, शिवणाच्या सामानात एका पेटीत, रेशमात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी सापडतो. (ग्लास्पेलचंच १९१६चं नाटक ‘ट्रायफल्स’ आणि १९१७ची ही कथा यांत मुलं घालतात तो गोंधळ किरकोळ. गोष्ट एकच.)

कॅनरी हे निमित्त. कारण त्याच्या कितीतरी मागं सुरू होतं. पांढऱ्या झग्यात, निळ्या फिती लावून चर्चमध्ये गाणारी मुलगी खोलगटातल्या घरात येते, जिथून रस्तासुद्धा दिसत नाही. मूल नाही, चूल मोडकी, घागरा ठिगळांचा. नवरा दारू पीत नाही, शब्दाला जागतो, देणी फेडतो, गावाच्या लेखी भला माणूस. ‘मग मारझोड कुठाय, बाई?’ असं मुलं विचारतात. नाहीच दाखवलेली! ती शोधत बसलात की कारण हातचं जातं आणि मग पक्ष्यावर सगळं लादावं लागतं.

नुसत्या निमित्तावर पेटलेला माणूस बघायचा असेल तर मिसेस पीटर्सची आठवण वाचा. लहानपणी एका पोरानं डोळ्यांदेखत तिचं मांजराचं पिल्लू कुऱ्हाडीनं मारलं. लोकांनी धरलं नसतं तर तिनं तिथंच त्याला इजा केली असती. मिनीचं तसं नाही. ती पक्ष्याला रेशमात गुंडाळते. घरात बंदूक असताना गळ्याला दोर येतो. ग्लास्पेलनं बातमीदार असताना आयोवातल्या १९००च्या जॉन हॉसॅक खुनाच्या बातम्या दिल्या होत्या. तिथं कुऱ्हाड होती. कथेत दोर आला, कारण पक्षीही मान पिरगाळूनच मेलाय.

आणखी एक : मिनी जी ‘क्विल्ट’ शिवत होती, तिला उत्तरात ‘रजई’ लिहू नका, डोकं उठतं. तुकडे जोडून शिवतात ती आपली कौदी, वाकळ म्हणा हवं तर. खानापुरात आमच्या शेजारच्या आजी कौदीला धावदोरा घालत बसल्या होत्या, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगितली. सगळे टाके एकसारखे आणि एकाच तुकड्यावर सगळे वेडेवाकडे, इथवर आले. सुई न थांबवता त्यांनी विचारलं, ‘‘किती वर्सं गप बसलती गे ती?’’ पक्ष्याचं अजून सांगायचंच होतं. सांगितल्यावरही त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

सरकारी वकिलाला ज्युरीपुढं ठेवायला एखादी ठोस वस्तू हवी असते, जिच्याभोवती गोष्ट रचता येईल. म्हणून तर शेवटी मिसेस हेल ती पेटी कोटाच्या खिशात घालते. आमची मुलं मात्र उत्तराच्या पहिल्याच ओळीत ती वकिलाच्या हातात नेऊन देतात.